शब्द ओळखीचा, अर्थ निराळा

इंग्रजीतील ‘हंबल’ व स्पॅनिशमधील ‘उमिल्दे’ ही नम्रतावाचक विशेषणे ‘हुमिलिस’ या एकाच लॅटिन शब्दापासून आली आहेत. त्यामुळे स्पॅनिश भाषिक विद्यार्थ्यास ‘हंबल’ सोपा वाटतो. परंतु तीन बाबतींत त्याची चूक होण्याचा संभव असतो.

पहिली बाब उच्चाराची. स्पॅनिशमध्ये आरंभीचा ‘ह’ लिहितात, पण उच्चारीत नाहीत. ‘हंबल’मध्ये तो स्पष्ट उच्चारावा लागतो. दुसरी रूपाची. स्पॅनिश विशेषणाचे अनेकवचन ‘उमिल्देस’ होते. ‘हंबल’ मात्र दोन्ही वचनांत तसाच राहतो.

तिसरी बाब अर्थाची, व तीच अधिक महत्त्वाची होय. ‘उमिल्दे’ कुटुंब म्हणजे बहुधा गरीब कुटुंब. इंग्रजीत घराला ‘हंबल’ म्हटल्यास ते साधे ठरते. माणसाला म्हटल्यास तो बहुधा विनयशील ठरतो. आईवडील गरीब आहेत असे मूल सांगू पाहते, ते विनयशील आहेत असे शिक्षक समजतो आणि घरची अडचण त्याच्या ध्यानातच येत नाही. मराठीतही ‘गरीब’ हा शब्द निर्धन व सौम्य अशा दोन्ही अर्थी येतो, हे येथे आठवावे.

यास्तव असा शब्द सुटा न शिकविता दोन्ही अर्थांच्या वाक्यांतून शिकवावा, आणि गरिबी सांगण्यासाठी ‘पुअर’ हा शब्द त्याच पाठात द्यावा.