काल चालत होतं, आज चालत नाही

दाभोळ म्हटलं की अजूनही लोक पहिल्यांदा एन्रॉनचं नाव काढतात. वास्तविक तो वीजप्रकल्प दाभोळात कधीच नव्हता. तो आहे वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. दाभोळ अलीकडे, दापोली तालुक्यात. पण कंपनीच्या नावात ‘दाभोळ’ आलं आणि १९९९ साली प्रकल्प सुरू झाला, २००१ साली बंद पडला, मधल्या काळात जो काही गाजला, तो सगळा या गावाच्या खात्यावर जमा झाला. फेरीबोटीतून धोपाव्याला जाताना नवा पाहुणा हमखास विचारतो, ‘दाभोळचा प्रकल्प तो कुठला?’ आणि शेजारचा माणूस पलीकडच्या किनाऱ्याकडे बोट दाखवतो.

घडतं एकीकडे, नाव लागतं दुसरीकडे. दोषाचा पत्ता असा चुकला की दुरुस्ती करणारा भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. हाच प्रकार अलीकडे घराघरांत संगणक आणि मोबाइलच्या बाबतीत चाललेला दिसतो. रात्री यंत्र अपग्रेड होतं, सकाळी काहीतरी बिघडतं आणि घरात एकच वाक्य ऐकू येतं: ‘हे खराब झालं.’ काय खराब झालं, कधीपासून, कशामुळे, याचा पत्ता नाही.

यंत्राच्या पोटात जो मूळ कारभारी बसलेला असतो त्याला कर्नल म्हणतात. लष्करातला नव्हे, या इंग्रजी शब्दाचा अर्थ गर. काजू फोडल्यावर आत निघतो तो गर. पडदा, कळफलक, बॅटरी, वाय-फाय यांच्याशी प्रत्यक्ष बोलतो तो हा गर. आपण पाहतो ते सगळं वरचं टरफल. लिनस टॉरवल्ड्स नावाच्या हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली असा एक गर लिहून जगापुढे ठेवला. तो लिनक्स. कुणीही उघडून पाहावा, सुधारावा, फुकट वापरावा. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या आत तोच आहे. जगातल्या सर्वांत शक्तिमान पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सशिवाय दुसरं काही नाही. दाभोळच्या बंदरावर मासळीचे पैसे फोनवरून चुकते करणारी बाई आणि हवामानाचं गणित मांडणारा महासंगणक, दोघांचाही गर एकाच झाडाचा.

या गराची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि एकेका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात. बदल करणारे हजारो, यंत्रांचे प्रकार अगणित. प्रत्येक बदल प्रत्येक यंत्रावर तपासून पाहणं कुणालाच शक्य नाही. त्यामुळे एकाच्या सोयीसाठी केलेला बदल दुसऱ्याच्या मुळावर येतो. काल चालणारी गोष्ट आज चालेनाशी होते. त्यांच्या भाषेत याला ‘रिग्रेशन’ म्हणतात. आपण पीछेहाट म्हणू.

या बाबतीत लिनक्सचा एक नियम मला फार आवडतो. नव्या गरामुळे लोकांचं चालतं काम बंद पडलं, तर चूक गराची. लोकांनी आपले प्रोग्रॅम बदलावेत असं सांगायचं नाही. २०१२ च्या डिसेंबरात एका जुन्या सहकाऱ्यानं असा दोष वरच्या प्रोग्रॅमवर ढकलायचा प्रयत्न केला, तेव्हा टॉरवल्ड्सनी त्याला सर्वांदेखत असं फैलावर घेतलं की ती गोष्ट अजून सांगितली जाते. पुढे २०१८ साली आपल्या तिखट जिभेबद्दल त्यांनी माफी मागितली आणि काही दिवस कामातून बाजूला झाले. भाषा सौम्य झाली. नियम मात्र तसाच राहिला.

पण नियम कितीही चांगला असला तरी बिघडलंय हे त्यांना कळणार कसं? ते सांगायचं काम वापरणाऱ्याचं. आणि सांगणं हीसुद्धा एक विद्या आहे.

इथल्या एका घरी बारावीतली मुलगी आहे. मुंबईच्या मामानं तिला जुना लॅपटॉप दिला, त्यावर लिनक्स घालून. एके दिवशी ती आली आणि म्हणाली, ‘काका, लॅपटॉप मेला.’

मी म्हटलं, ‘मेला म्हणजे काय झालं?’

‘झाकण लावलं की झोपतो, मग उठतच नाही. बटण दाबून बंद करावा लागतो.’

‘कधीपासून?’

‘असाच... नाही, गुरुवारी अपग्रेड केला, तेव्हापासून.’

निम्मं निदान इथेच झालं होतं. बहुतेक लिनक्स यंत्रांत अपग्रेडनंतरही आधीचा गर शिल्लक ठेवलेला असतो. सुरू होताना येणाऱ्या यादीत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये तो निवडता येतो. वीज आली तरी शहाण्या माणसानं कंदील माळ्यावर ठेवावा, तसं. जुना गर निवडला. लॅपटॉप झोपला आणि मुकाट उठला. नवा निवडला, झोपला तो झोपलाच. बाकी सारं तेच, फक्त गर वेगळा. दोषाचा पत्ता सापडला.

मग तिनं वहीत लिहून काढलं: लॅपटॉपचं नाव आणि मॉडेल, चालणाऱ्या गराचा क्रमांक, न चालणाऱ्या गराचा क्रमांक, काय केल्यावर काय होतं आणि दहापैकी किती वेळा होतं. ‘दहापैकी दहा.’ जोडीला यंत्राची रोजनिशी. गर स्वतःच्या महत्त्वाच्या हालचालींची वेळेसकट नोंद ठेवतो, तिला लॉग म्हणतात. तिला धास्ती इंग्रजीची. मी म्हटलं, ‘तुटक इंग्रजी चालेल गं, माहिती तुटक नको.’ मजकूर गेला. उलट दोन प्रश्न आले, तिनं उत्तरं दिली. काही आठवड्यांनी आलेल्या पुढच्या आवृत्तीत लॅपटॉप उठू लागला. तोवर जुन्या गरावर काम भागलं. अर्थात तिथेच कायमचा मुक्काम करायचा नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्यातच येत राहतात.

दोष नेमक्या कोणत्या बदलात आहे हे शोधायची त्यांची रीत ऐकली, तेव्हा मला बँकेतले दिवस आठवले. हाती लिहिलेल्या लेजरांच्या काळात महिनाअखेरीला तेरीज जुळली नाही की सगळी शाखा थांबे. फरकाला नवानं भाग जात असेल तर कुठेतरी अंकांची अदलाबदल, ४५ च्या जागी ५४. फरक बरोबर निम्मा करून तेवढ्या रकमेची नोंद सापडली, तर बहुधा ती नावेऐवजी जमेला पडलेली. आणि काहीच लागू पडलं नाही तर महिना मधोमध कापायचा. पंधरा तारखेपर्यंत जुळतंय? मग चूक पुढच्या पंधरवड्यात. तो पुन्हा मधोमध कापायचा. लिनक्सवाले हेच करतात. टॉरवल्ड्सनीच २००५ साली बदलांच्या नोंदी ठेवायला ‘गिट’ नावाची वही केली. तिच्यात ‘बायसेक्ट’ नावाची सोय आहे. चांगली आवृत्ती कुठली, वाईट कुठली एवढं सांगायचं. ती मधली आवृत्ती काढून देते, आपण चालवून बघायची. दहा हजार बदल असले तरी फार तर चौदा फेऱ्यांत गुन्हेगार बदल हाती लागतो. फेरी वेळखाऊ असते, पण त्यात प्रतिभा लागत नाही, चिकाटी लागते.

आणखी एक गंमत. निर्मात्यानं आतला मजकूर झाकून ठेवलेला एखादा तुकडा गरात मिसळला, की गर स्वतःवरच ‘डागी’ अशी खूण करतो. पेटी भरताना डागी आंबा वेगळा काढतात, तशी अशी तक्रार बाजूला पडते. आधी तो तुकडा काढा आणि पुन्हा करून दाखवा, म्हणतात. तक्रार करणाऱ्यानं हात स्वच्छ ठेवून यावं, एवढाच अर्थ.

‘एवढ्याशा गोष्टीसाठी कोण लिहीत बसतो?’ असं कुणी म्हणेल. त्याच्यासाठी २०२४ ची हकीकत सांगतो. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या संगणक अभियंत्याच्या लक्षात आलं की आपल्या लिनक्स यंत्रावर दुरून प्रवेश करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! त्यानं तो सोडला नाही. मागोवा घेत तो ‘एक्सझेड’ नावाच्या एका साध्या साहाय्यक प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीपाशी पोचला. दोनेक वर्षं मदतनीस म्हणून विश्वास संपादन केलेल्या कुणीतरी तिच्यात चोरदरवाजा बसवला होता. फ्रॉइंडनं २९ मार्चला ते जाहीर केलं, तेव्हा ती आवृत्ती मुख्यतः चाचणीच्या यंत्रांवरच पोचली होती. आणखी काही महिने कुणी तोंड उघडलं नसतं, तर जगभरच्या असंख्य सर्व्हरांच्या किल्ल्या चोराच्या खिशात गेल्या असत्या. मी ज्या व्यवसायात आयुष्य काढलं तिथे पाच पैशांचा फरकही शोधायचा असे. पाच पैशांसाठी नव्हे; त्यामागे काय दडलंय ते माहीत नसतं म्हणून.

आपल्याकडे कुरकुर मुबलक आणि तक्रार दुर्मीळ. कुरकुर शेजाऱ्याकडे करायची असते. तीत तारीख नसते, आकडा नसतो, पत्ता नसतो. तक्रार दुरुस्त करणाऱ्याकडे जाते आणि तिचा फायदा आपण कधी न पाहिलेल्या माणसांना होतो. दाभोळच्या मुलीनं लिहिलेल्या चार ओळींनी तसलाच लॅपटॉप असलेल्या कुणाचं तरी काम परदेशातही सुरळीत झालं असेल. तिला ते कधी कळणार नाही, आणि त्यालाही नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी फोन अपग्रेड होईल तेव्हा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाशेजारी, त्या तारखेला एवढंच लिहा: ‘आज अपग्रेड.’ फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’खाली आवृत्तीची माहिती असते, कर्नलचा क्रमांकही तिथेच सापडतो, तो टिपून ठेवा. उद्या काही अडलं, तर ‘खराब झालं’ म्हणायची पाळी येणार नाही. काल काय चालत होतं आणि आज काय चालत नाही, हे तुम्हांला नेमकं सांगता येईल.