दौरा संपल्यावर

१९९३ साली अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. गणपती बोळवून गावं उशिरा झोपली आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेवर जमीन हलली. ६.२ तीव्रतेचा हा भूकंप जगाच्या मोजमापात मध्यम म्हणावा असा होता. पण या भागातली घरं जुन्या बांधणीची होती. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-तीन फूट रुंद भिंती, वर लाकडी माळवद आणि त्यावर वर्षानुवर्षं चढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. सरकारी नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसं गेली.

त्या वेळी मुख्यमंत्री होते शरद पवार. राज्यभरातलं विसर्जन शांततेत पार पडलं का, याची खबर घेत ते मुंबईत जागे होते, खिडक्यांची तावदानं थरथरली, कोयनेच्या भूकंपमापन केंद्राकडे चौकशी केली आणि केंद्रबिंदू किल्लारीकडे असल्याचं कळलं, ही हकिकत त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. त्याच सकाळी ते किल्लारीत होते. तेव्हापासून महाराष्ट्रात आपत्ती आली की हीच फूटपट्टी निघते. मुख्यमंत्री किती तासांत पोहोचले? पालकमंत्री कुठे होते? विरोधी पक्षनेता आधी आला की नंतर?

या हकिकतीचा दुसरा अर्धा भाग मात्र कमी सांगितला जातो. पवारांच्याच आठवणीनुसार, पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांना तेव्हा लगेच यायचं होतं आणि पवारांनी त्यांना काही दिवस थांबण्याची विनंती केली. पंतप्रधान आले की सगळी यंत्रणा त्यांच्याभोवती लागते, ढिगारे उपसण्याचं काम मागे पडतं, हे त्यामागचं कारण. एकाच आपत्तीत एकानं तातडीनं जायचं आणि दुसऱ्यानं थांबायचं, असे दोन निर्णय झाले आणि दोन्ही बरोबर होते. जागेवर उभं राहून ज्याला आदेश देता येतात, लष्कर बोलावता येतं, शेजारच्या चार जिल्ह्यांचे डॉक्टर आणि जेसीबी हलवता येतात, त्याचं लवकर येणं कामाचं असतं. ज्याच्या येण्यानं फक्त बंदोबस्त वाढतो, त्याचं येणं, हेतू कितीही चांगला असला तरी, पीडितांच्या वाट्याचे तास खातं.

हे तास कसे जातात, ते तालुक्याच्या कचेरीत काम केलेल्या कुणालाही विचारावं. दौरा ठरला की आधी हेलिपॅडची जागा शोधायची, ती सपाट करायची, तिथवरचा रस्ता मोकळा करायचा. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक स्वागताला हवेत, म्हणजे त्यांचा अर्धा दिवस गेला. बैठकीसाठी आकडे हवेत म्हणून तहसीलदार तलाठ्यांकडून माहिती मागवत बसतो आणि ज्या तलाठ्यानं ग्रामसेवक आणि कृषी सहायकाला घेऊन पंचनामे करायचे, तो ताफ्याच्या वाटेवर उभा असतो. एका नेत्यापुरतं हे सोसता येतं. पण मुख्यमंत्री, दोन उपमुख्यमंत्री, विरोधी पक्षनेता, केंद्रीय मंत्री, राज्यपाल आणि प्रत्येक पक्षाचा प्रदेशाध्यक्ष एकाच आठवड्यात आले, तर त्या आठवड्यात पंचनामे कधी होणार?

जुलै २०२१ मध्ये हेच झालं. २२ जुलैला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडालं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला, ऐंशीहून अधिक माणसं गेली. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे तळीयेला आणि मग चिपळूणला गेले. विरोधी पक्षनेते, केंद्रीय मंत्री, राज्यपाल, सगळे पाठोपाठ. तेव्हा पवारांनी पत्रकार परिषद घेऊन गरज नसलेले दौरे टाळावेत असं आवाहन केलं आणि किल्लारीचा दाखला दिला. काहींना त्यात राजकारण दिसलं, कारण सरकार त्यांच्याच आघाडीचं होतं. असेलही, पण सांगणाऱ्याचा पक्ष पाहून सांगण्यातलं तथ्य कमी होत नाही.

त्याच चिपळुणात बाजारपेठेतल्या एका महिलेनं मुख्यमंत्र्यांसमोर रडत-ओरडत मदत मागितली आणि आमदार-खासदारांचे पगार इकडे वळवा असं सुनावलं. त्या वेळी आमदार भास्कर जाधव ज्या आवाजात तिच्याशी बोलले, त्यावर पुढचे दोन दिवस वाद चालला. चिपळूणच्या व्यापाऱ्यांच्या दुकानांत छातीएवढा चिखल होता, विम्याचे दावे कसे मंजूर व्हायचे हा प्रश्न होता, वाशिष्ठीतला गाळ कधी निघणार हा प्रश्न होता. चर्चा मात्र एका वाक्यावर आणि एका हातवाऱ्यावर अडकली. तो आवाज चुकीचा होता, यात मला शंका नाही. ज्याचं सगळं वाहून गेलं आहे त्याला चार शब्द चढ्या आवाजात बोलण्याचा अधिकार आहे आणि ते खाली मान घालून ऐकणं हे लोकप्रतिनिधीचं काम आहे. तरीही वाटतं, गाळाचं काय झालं हे विचारायला तेवढे कॅमेरे वर्षभरानं गेले असते तर चिपळूणकरांचं जास्त भलं झालं असतं.

कॅमेऱ्याची ही ताकद सगळ्यात ठळक दिसली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. कृष्णा, पंचगंगा, वारणा पात्र सोडून वाहत होत्या. सांगली शहरात बोटी फिरत होत्या, कोल्हापूरकडे येणारा महामार्ग बंद होता. विधानसभा निवडणूक तोंडावर होती आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस महाजनादेश यात्रेत विदर्भात होते. ती थांबवून त्यांनी पूरग्रस्त भागाची हवाई पाहणी केली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढताना बोट उलटली, बायका-मुलं बुडाली. त्याच सुमाराला मंत्री गिरीश महाजन यांचा बोटीतला व्हिडिओ फिरू लागला. सोबतचा कुणीतरी चित्रण करत होता आणि महाजन हसून हात हलवत होते. महाजनांनी पुराच्या पाण्यात काम केलं होतं, हेही खरं. पण ब्रह्मनाळच्या बातमीशेजारी तो हसरा चेहरा लोकांना सहन झाला नाही, आणि मला वाटतं तो होऊही नये.

माझ्या मते त्याहून गंभीर होत्या दोन कागदी गोष्टी. घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असेल तरच मोफत गहू-तांदूळ, अशी अट घालणारा शासन निर्णय निघाला. छपरावर अडकलेल्या माणसानं पाण्याचे तास मोजून ठेवायचे का, हा लोकांचा सवाल रास्त होता. दुसरं, धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांचे आणि इचलकरंजीचे आमदार सुरेश हाळवणकर यांचे फोटो चिकटवलेले सापडले. धान्य सरकारी गोदामातलं, म्हणजे लोकांच्याच पैशाचं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातल्या पुरात, धाराशिव जिल्ह्यात, मदतीच्या पाकिटांवर नेत्यांच्या फोटोंचा वाद पुन्हा झाला. सहा वर्षांत पक्ष फुटले, चिन्हं बदलली. पाकिटावर फोटो छापायची सवय मात्र गेली नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मतदान झालं. कोल्हापूर जिल्ह्यात भाजपचे दोन आमदार होते, हाळवणकर धरून; दोघेही पडले. शिवसेनेच्या सहा जागांची एक झाली. पुराची शिक्षा म्हणून हे सांगायला सोपं आहे. पण कोल्हापूरच्या राजकारणात साखर कारखाने, गोकुळ दूध संघ आणि घराण्यांची वैरं पुराआधीपासून वाहत आहेत. शिवाय सांगली शहर पाण्याखाली जाऊनही भाजपचे सुधीर गाडगीळ तिथून पुन्हा निवडून आले. किल्लारीचा पुरावाही उलटसुलट आहे. ज्या सरकारच्या कामाचं देशभर कौतुक झालं, ते १९९५ मध्ये गेलं. काँग्रेस ऐंशीवर आली आणि शिवसेना-भाजप युती सत्तेत बसली. लातूरचे विलासराव देशमुख, जे त्या सरकारात मंत्री होते, आपल्याच मतदारसंघात शिवाजीराव पाटील कव्हेकरांकडून पराभूत झाले. आणि हेच विलासराव २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, ताज हॉटेलच्या पाहणीला मुलगा रितेश आणि दिग्दर्शक रामगोपाल वर्मा यांच्यासह दिसले आणि काही दिवसांत मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले. चांगल्या कामाचं माप पदरात पडलं नाही. एका चित्राची किंमत मात्र पूर्ण मोजावी लागली.

मतदार आपत्तीचा हिशेब कसा करतो, यावर अर्थशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. शॉन कोल, अँड्र्यू हीली आणि एरिक वर्कर यांनी भारतातल्या राज्यांच्या निवडणुका आणि पावसाचे आकडे जोडून पाहिले. त्यांना दिसलं की पाऊस बिघडला तर सत्ताधाऱ्याची मतं घटतात, पाऊस त्याच्या हातात नसला तरी. सरकारनं जोमानं मदत केली तर घट कमी होते, पण पूर्ण भरून निघत नाही. शिवाय मदतीची आठवण मतदानाच्या लगतच्या वर्षापुरतीच टिकते. हीली यांनीच नील मल्होत्रांसोबत अमेरिकेतले आकडे तपासले, तेव्हा आणखी अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. मतदार आपत्तीनंतरच्या मदतीसाठी नेत्याला मतं देतात, आपत्तीआधीच्या तयारीवर खर्च केला तर देत नाहीत. तयारीवरचा एक डॉलर पुढचं सुमारे पंधरा डॉलरचं नुकसान वाचवतो, असा त्यांचाच अंदाज आहे.

टिमथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांचा २००२ मधला निबंध मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. भारताच्या ज्या राज्यांत वर्तमानपत्रं जास्त वाचली जातात, विशेषतः तिथल्या भाषेतली, तिथली सरकारं दुष्काळ-पुरात जास्त धान्य आणि जास्त मदत देतात, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे जिल्हा आवृत्तीच्या पानावरची बातमी गोदामातलं धान्य हलवू शकते. हे वाचल्यापासून दौऱ्याच्या बातम्यांकडे पाहताना माझी चिडचिड वाढली आहे. ताकद आपल्याकडे आहे आणि आपण ती नेता हसला का, आवाज कुणी चढवला, यावर संपवतो.

कारण ज्या गोष्टी माणसं मारतात त्यांचे फोटो निघत नाहीत. २०१९ च्या पुरानंतर राज्यानं नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली, २०२० मध्ये तिचा अहवाल आला, २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगा पुन्हा फुगल्या. पूररेषा, नदीपात्रातली बांधकामं, धरणांतून पाणी सोडण्याचा ताळमेळ, हे विषय त्या अहवालाच्या पानांत आहेत. त्या पानांच्या पाहणीला कुणी ताफा घेऊन गेलं नाही.

आणि इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली ही ठाकर वस्ती दरडीखाली गेली. वर गाडीरस्ता नाही. जेसीबी चढेना. पायथ्यापासून दीड तास चिखलातून चालावं लागे. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे दुसऱ्या दिवशी चालत वर गेले. गिरीश महाजन तर रात्रीच चढले होते, २०१९ च्या बोटीतले तेच महाजन. एका व्हिडिओवरून माणसाचं कायमचं माप काढू नये, याला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली आणि चौथ्या दिवशी शोध थांबवला. त्याच आठवड्यात विधानसभेत सरकारनं सांगितलं की दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती. २०१४ मध्ये माळीण गेलं, २०२१ मध्ये तळीये गेलं आणि तरी इर्शाळगडाच्या उतारावरची वाडी यादीबाहेर राहिली. शिंदेंचं चढून जाणं मनापासूनचं होतं असं मी मानतो. पण त्या रात्री गेलेल्यांच्या जिवाचा प्रश्न यादी तयार करणाऱ्या टेबलाशी होता, आणि त्या टेबलापर्यंत ना कॅमेरा गेला ना जाब.

पुण्याच्या पानशेत पुराची गोष्ट इथे आठवते. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, तेव्हा यशवंतराव चव्हाणांनी पुनर्वसनाचं काम स. गो. बर्वे या आयसीएस अधिकाऱ्यावर सोपवलं. बर्वे काम तडीस नेणारे म्हणून ओळखले गेले. नोकरी सोडून ते १९६२ ची निवडणूक लढले आणि पुणेकरांनी त्यांना विधानसभेत पाठवलं. आपत्तीत कोण आलं यापेक्षा कोण टिकून राहिलं हे पाहून मत दिल्याचं हे आपल्याकडचं दुर्मीळ उदाहरण आहे.

किल्लारीचं पुनर्वसनही टिकून केलेलं काम होतं, दोषांसकट. जागतिक बँकेच्या कर्जातून बावन्न गावं नव्या जागी वसली. घराचं क्षेत्रफळ जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला अडीचशे चौरस फूट, मधल्याला चारशे, मोठ्याला साडेसातशे. भूकंपानं सगळ्यांची घरं सारखीच पाडली होती, बांधताना मात्र जुनी उतरंड सिमेंटमध्ये पक्की झाली, हा आक्षेप मला खरा वाटतो. सरळ रेषेतले रुंद रस्ते गावाला परके वाटले. दुसरीकडे, जागच्या जागी दुरुस्त करायच्या लाखाहून अधिक घरांसाठी गावोगाव बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. घर कसं बळकट करायचं, भिंतीचे दगड एकमेकांत कसे अडकवायचे, अनुदानाचा हप्ता कसा मिळवायचा, हे त्यांनी शिकून शेजारणींना शिकवलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं ते काम उभं केलं.

पवारांच्या काळात सुरू झालेलं हे काम १९९५ नंतर मनोहर जोशींच्या सरकारनं पुढे चालवलं आणि दशक संपत आलं तेव्हा ते पुरं झालं. ज्यांनी सुरू केलं ते तोवर विरोधी बाकावर होते, ज्यांनी पुरं केलं ते भूकंपाच्या पहाटे तिथे नव्हते. लोहारा-औशाकडच्या गावांत आज जी तरुण मुलं मतदान करतात त्यांचा जन्म या नव्या घरांत झाला आहे. त्यांच्या भिंतींत किती सिमेंट पडलं, कुठल्या वर्षी कुणाच्या सहीनं पडलं, याच्या नोंदी जिल्हाधिकारी कार्यालयांत असायला हव्यात. दर वर्षी ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभावर फुलं वाहायला येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला पत्रकारांनी आधी त्या नोंदी मागाव्यात, आणि मग पुढच्या दरडीच्या यादीत त्याच्या मतदारसंघातली कुठली गावं आहेत ते विचारावं.