उसनं वाद्य आपलं कसं होतं? : तेहानो संगीताचा धडा

‘अस्मिता’ या शब्दाची चर्चा करताना एक प्रश्न नेहमी पुढे येतो. एखादी गोष्ट ‘आपली’ आहे असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? आज हा प्रश्न आपण एका संगीताला विचारू.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात मेक्सिकन वंशाचे जे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांना तेहानो म्हणतात. 1848 च्या तहात रिओ ग्रांदे नदी ही अमेरिका आणि मेक्सिकोमधली सीमा ठरली. नदीच्या उत्तरेकडच्या अनेक कुटुंबांचं घर जागेवरच राहिलं, देश मात्र बदलला. त्याच शतकात जर्मन आणि चेक लोक टेक्सासात वस्तीला आले. येताना त्यांनी अकॉर्डियन आणला, पोल्का आणि वॉल्ट्झ हे नाच आणले. शेतमजुरी करणाऱ्या तेहानोंनी ते उचलले.

आता नीट लक्ष द्या. अकॉर्डियनवादक उजव्या हाताने सुरावट वाजवतो आणि डाव्या हाताने खर्जाची साथ देतो. 1930 च्या दशकात नार्सिसो मार्तिनेझ यांनी डाव्या बाजूचं वादन जवळजवळ सोडूनच दिलं. ती साथ त्यांनी सांतियागो आल्मेइदा यांच्या ‘बाखो सेक्स्तो’वर सोपवली. हे बारा तारांचं, गिटारसारखं, खर्जाचं वाद्य. त्यामुळे अकॉर्डियनची सुरावट मोकळी झाली आणि ‘कोन्हुंतो’ हा नवा बाज घडला. प्रतिष्ठितांनी त्याला मजुरांचं संगीत म्हणून नाकं मुरडली, पण लग्नात, नाचात तेच वाजत राहिलं.

आपली पेटी आठवा. युरोपात ती पायाने भाता मारून, दोन्ही हातांनी वाजवत. आपण ती बैठकीत आणली. एक हात भात्याला दिला, म्हणजे त्या हाताचे स्वर सोडले. उरलेल्या हातातून भजन आलं, नाट्यसंगीत आलं. तरीही 1940 साली रेडिओवर तिला बंदी झालीच!

म्हणजे नुसतं उसनं घेतल्याने काही आपलं होत नाही. आपल्या गरजेसाठी त्यातलं काय सोडलं, काय जोडलं, तिथे आपलेपण सुरू होतं.

पण भाषेचं काय? इथे सेलेना किंतानिला या गायिकेचं उदाहरण घेऊ. तिची घरची भाषा इंग्रजी. स्पॅनिश गाणी ती आधी उच्चार पाठ करून गायची, भाषा नंतर शिकली. 1994 मध्ये तिला ग्रॅमी मिळालं. 31 मार्च 1995 रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिची हत्या झाली. त्याच वर्षी जुलैत आलेला तिचा इंग्रजी-स्पॅनिश अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. शुद्धतेची कसोटी लावली तर वाद्य जर्मन, नाच चेक, गायिकेची भाषा इंग्रजी. मग तेहानो उरलं काय? आणि तरी तेहानोंना ती आपली वाटली, आजही वाटते.

परदेशातले श्रोते आम्हांला विचारतात, ‘नातीला अभंग पाठ आहे, अर्थ कळत नाही. याला काय म्हणायचं?’ आम्ही म्हणतो, सुरुवात म्हणायचं. सेलेनाही तिथूनच निघाली होती. मात्र ती तिथे थांबली नाही, हेही नातीला सांगा.