वाहनांची यंत्रविद्या – लेखांक सातवा : ब्रेक पॅडची झीज आणि संवेदकाचा दाखला

पेडलवर पडलेला पायाचा दाब मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलच्या द्वारे चारही चाकांपर्यंत कसा पोहोचतो, हे आपण मागील लेखांकात पाहिले. तो दाब शेवटी ज्याच्या अंगावर येतो आणि जो स्वतः झिजून वाहनाला थांबवतो, त्या ब्रेक पॅडचा विचार आज करावयाचा आहे. उदाहरण म्हणून अमेरिकेतील पिकअप ट्रक निवडला आहे. कारण हौदा रिकामा असताना आणि भरलेला असताना ज्याच्या वजनात इतके अंतर पडते असे वाहन घरगुती वापरात क्वचितच आढळते, आणि पॅडच्या झिजेवर विद्युत्-संवेदकांनी नजर ठेवण्याची जी तजवीज पूर्वी मुख्यतः महागड्या मोटारींपुरती मर्यादित होती, ती आता तेथील पिकअपांपर्यंत येऊन पोहोचली आहे.

ब्रेक गतीचा नाश करीत नाही. तिचे उष्णतेत रूपांतर करतो. मालासह ३,००० किलो वजन भरणारा पिकअप ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असताना थांबवावयाचा म्हटले, तर सुमारे ११ लाख ६० हजार जूल एवढी ऊर्जा काही क्षणांत चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि तिला घासणारे पॅड यांच्या स्वाधीन होते. साडेतीन लिटर साधे पाणी उकळीला आणण्यास ती पुरेशी आहे. वजन दुप्पट झाले तर ही ऊर्जा दुप्पट होते, परंतु वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. सपाट रस्त्यावर एवढ्यावरच भागते. डोंगराच्या उतारावर मात्र हिशेब निराळा होतो. कोलोरॅडो राज्यातील आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे आणि डेन्व्हर शहर सुमारे १,६०० मीटरवर. हा १,८०० मीटरांचा उतार उतरताना त्याच पिकअपच्या अंगची जी ऊर्जा मोकळी होते, ती ताशी १०० किलोमीटर वेगावरून सुमारे पंचेचाळीस वेळा थांबण्याएवढी भरते. आणि मागे ट्रेलर जोडलेला असेल तर त्याचा भार आणखी निराळा. या ऊर्जेचा बराचसा भाग हवेचा अवरोध आणि खालच्या गिअरमधील इंजिन यांनी पत्करला नाही, तर तो सर्व पॅडवर येऊन पडतो. इगतपुरीहून कसारा घाट उतरणाऱ्या आपल्याकडील पिकअपच्या चालकालाही हाच नियम लागू आहे.

आता पॅडकडे जवळून पाहू. पोलादी पट्टीवर घट्ट बसवलेला घर्षणद्रव्याचा थर, एवढेच त्याचे स्वरूप. नवा असताना हा थर साधारणतः १० ते १२ मिलिमीटर जाड असतो आणि तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलावा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. याहून पुढे दुर्लक्ष झाले तर पोलादी पट्टीच डिस्कला घासू लागते, डिस्कवर चरे पडतात, आणि जे काम केवळ पॅड बदलून भागले असते त्यासाठी डिस्कही बदलावी लागते. शिवाय मधल्या काळात वाहन थांबण्यास अधिक अंतर लागते, हा धोका पैशांत मोजता येण्यासारखा नाही.

ही झीज चालकाला कळावी कशी? सर्वांत जुना आणि साधा उपाय म्हणजे पॅडच्या पट्टीला जोडलेली स्प्रिंगसारखी एक लहान पोलादी जीभ. थर पुरेसा झिजला की ती डिस्कला टेकते आणि कर्कश आवाज करून इशारा देते. दुसरी खूण ब्रेक ऑइलच्या डबीत दिसते. पॅड झिजत जातो तसतसा, पॅडला डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकत जातो, त्याच्यामागील वाढती जागा ऑइल भरून काढते आणि डबीतील पातळी हळूहळू खाली येते. म्हणूनच ती पातळी उतरलेली दिसताच, कारणाचा तपास न करता वरून ऑइल ओतणे म्हणजे झिजेचा पुरावाच नाहीसा करणे होय. तिसरा उपाय विजेचा : घर्षणद्रव्यात ठराविक खोलीवर एक बारीक तार पुरलेली असते, झीज तेथवर पोहोचली की डिस्क त्या तारेला घासते, मंडल खंडित होते अथवा डिस्कच्या धातूशी जोडले जाते, आणि चालकासमोरचा दिवा लागतो. काही वाहनांत दोन निरनिराळ्या खोल्यांवर दोन टप्पे ठेवलेले असतात. त्यामुळे झिजेची केवळ मर्यादाच नव्हे, तर तिची गतीही अजमावता येते.

जनरल मोटर्सने २०१९ च्या शेव्हरोले सिल्व्हरॅडो १५०० आणि जीएमसी सिएरा १५०० या पिकअपांच्या पिढीत यापुढचे पाऊल टाकले. पुढच्या व मागच्या पॅडांचे किती टक्के आयुष्य उरले आहे, याचा अंदाज अशी सोय असलेल्या वाहनांत चालकाला पडद्यावर पाहावयास मिळतो. अशा प्रणालीत संवेदकाच्या खुणेला ब्रेकचा वापर, वाहनाचा वेग इत्यादी नोंदींची जोड देऊन संगणक झिजेचे गणित मांडीत असतो. येथे कायद्याची सक्ती नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एकूण ३,५०० किलोपर्यंतच्या वाहनांना लागू असलेले अमेरिकेचे १३५ क्रमांकाचे सुरक्षा-मानक एवढेच सांगते, की ब्रेकची झीज ध्वनीने वा दिव्याने चालकास कळावी, अथवा वाहनासोबत मिळणाऱ्या अवजारांनी, प्रसंगी चाक काढून, ती डोळ्यांनी तपासता यावी. टक्केवारी ही उत्पादकाने आपखुशीने दिलेली सोय आहे.

सोय मोलाची आहे यात शंका नाही. परंतु तिचे प्रामाण्य कोणत्या जातीचे, हे समजून घेतले पाहिजे. आपल्या न्यायशास्त्राने प्रत्यक्ष आणि अनुमान यांत जो भेद केला आहे, तो येथे तंतोतंत लागू पडतो. तार तुटणे हे प्रत्यक्ष. टक्केवारी हे अनुमान, डोंगरावर धूर पाहून अग्नी ओळखावा तसे. हेतू, म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान काढावयाचे ती खूण, सदोष असला की अनुमान फसते, आणि येथे तो सदोष होण्याचे प्रसंग थोडे नाहीत. बहुतेक वाहनांत एका आसावरील एकाच चाकाच्या पॅडमध्ये संवेदक असतो. मिशिगन, ओहायो यांसारख्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ पसरतात; त्याने कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या, तर आतला पॅड बाहेरच्यापेक्षा, किंवा उजव्या चाकाचा डाव्यापेक्षा, कितीतरी लवकर संपतो, आणि ज्या पॅडमध्ये तारच नाही त्याची कैफियत पडद्यापर्यंत पोहोचत नाही. त्याचप्रमाणे, पॅड नवे बसवल्यावर प्रणालीतील जुनी नोंद पूर्ववत शंभर टक्क्यांवर आणावी लागते. कारागिराने ते केले नाही, तर नव्या पॅडांवर जुन्याच झिजेचा आकडा चालू राहतो. उलटपक्षी, पॅड न बदलताच कोणी ती नोंद शंभरावर आणली, तर यंत्र निश्चिंतपणे खोटा दाखला देत राहील, आणि हा प्रमाद पहिल्यापेक्षा कितीतरी भयंकर आहे.

तात्पर्य, संवेदक हा चांगला पहारेकरी आहे, परंतु तपासनीस नव्हे. त्याने इशारा दिला तर तो तहकूब ठेवू नये; त्याने दिला नाही म्हणून निर्धास्तही राहू नये. टायरांची अदलाबदल करण्यासाठी चाके खोलली जातील तेव्हा, आपले वाहन पिकअप असो वा साधी मोटार, आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड प्रत्येक चाकावर मोजून दाखवण्यास कारागिराला सांगावे आणि ती मापे तारखेसह सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवावीत. या कामास काही मिनिटेच लागतात. पुढील लेखांकात ब्रेक ऑइल हवेतील ओलावा कसा शोषून घेते आणि त्यामुळे उतारावर पेडल अचानक मऊ का पडते, ते पाहू.

(क्रमशः)