फुलदाणीतील फुलाची तहान

फुलांची प्रदर्शने आपल्याकडे बहुधा हिवाळ्यात का भरतात, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? पुण्याच्या एम्प्रेस बागेतील प्रसिद्ध पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते. लंडनच्या चेल्सी भागात १९१३ साली सुरू झालेले प्रदर्शन मात्र साधारणतः मे महिन्यात असते. आपल्याच देशातील उटीचे प्रदर्शनही मे महिन्यातच असते. पण उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंचीवर आहे!

आता वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघे येथील एखाद्या विद्यार्थ्याला पुष्परचनेची हौस आहे असे समजा. शाळेला सुट्टी लागलेली, हाताशी भरपूर वेळ. पण बाहेर पारा ४५ अंश सेल्सियसच्या घरात. सकाळी हौसेने फुलदाणीत मांडलेली फुले दुपारी मान टाकतात. मग त्याने हौस हिवाळ्यापर्यंत गुंडाळून ठेवावी काय? तसे करण्याचे कारण नाही. फूल मान का टाकते हे कळले, की त्यावरचा उपायही सापडतो.

खुडलेले फूल मेलेले नसते

फांदीपासून तोडले तरी फूल काही काळ जिवंतच असते. त्याचा श्वासोच्छ्वास चालू असतो, त्यासाठी साठवलेली साखर खर्च होत असते आणि पानांतून व पाकळ्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडत असते. या क्रियेला आपण बाष्पोच्छ्वास म्हणतो. फरक इतकाच, की पाणी पुरवणारी मुळे आता नाहीत.

पाकळीचा ताठपणा तिच्या पेशींत भरलेल्या पाण्यामुळे असतो. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की ती टणक होते, तशीच पाण्याने भरलेली पेशी फुगून ताठ राहते. येणाऱ्या पाण्यापेक्षा जाणारे पाणी जास्त झाले, की पेशी सैल पडतात आणि फूल मान टाकते. म्हणजे हा सगळा जमाखर्चाचा प्रश्न आहे.

हवा किती तहानलेली आहे?

प्रथम खर्चाची बाजू पाहू. हवेत पाण्याची वाफ मावण्याला मर्यादा असते आणि ती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. २० अंशांना एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते. ४५ अंशांना सुमारे ६५ ग्रॅम.

समजा, हिवाळ्यातील एका सकाळी तापमान २० अंश आणि आर्द्रता ६० टक्के आहे. हवेत सुमारे १० ग्रॅम बाष्प आहे आणि आणखी ७ ग्रॅमला जागा आहे. उलट, मे महिन्यातील दुपारी तापमान ४५ अंश आणि आर्द्रता २० टक्के धरा. हवेत १३ ग्रॅम बाष्प आहे. पण आणखी ५२ ग्रॅमला जागा आहे! म्हणजे हवेची तहान सातपटींहून अधिक वाढली. ही हवा ओला टॉवेल पाहता पाहता वाळवते, माठातले पाणी गार करते आणि त्याच न्यायाने फुलातले पाणीही ओढून घेते.

मोगऱ्याचे गजरे विकणारे ते ओल्या फडक्यात किंवा पानात गुंडाळून का ठेवतात, ते आता लक्षात येईल. फडक्यातील पाण्याची वाफ होताना आतील हवा गार होते आणि दमटही होते. तिची तहान आधीच भागलेली असल्याने कळ्यांतील पाणी वाचते. घरातील कूलरची हवाही पंख्याच्या हवेपेक्षा गार व दमट असते. म्हणून फुलदाणी कूलरच्या खोलीत ठेवावी. मात्र ती थेट झोतात ठेवू नये. कारण वारा फुलाभोवतीची दमट हवा सतत दूर नेतो.

नळीतला बुडबुडा

आता जमेची बाजू. देठात केसाहूनही बारीक अशा असंख्य जलवाहिन्या असतात. त्यांतून पाणी वर कसे चढते? पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. वर पानांतून पाणी उडून गेले, की खालचा सगळा स्तंभ साखळीसारखा वर ओढला जातो. डब्लिन येथील डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ साली ही कल्पना मांडली.

आपण देठ कापतो तेव्हा ही ताणलेली साखळी तुटते. पाणी आत ओढले जाते आणि मोकळ्या झालेल्या टोकातून हवा शिरते. नंतर देठ पाण्यात ठेवला तरी हवेचे बुडबुडे वाट अडवून बसतात. फुलदाणी पाण्याने काठोकाठ भरलेली असूनही फूल तहानलेले राहते ते यामुळे!

उपाय सोपा आहे. देठाचे टोक पाण्याने भरलेल्या भांड्यात बुडवावे आणि पाण्याखालीच खालचा दोन-तीन सेंटिमीटर भाग धारदार कात्रीने तिरपा कापावा. आता कापलेल्या तोंडातून हवेऐवजी पाणी आत शिरते. जपानमधील इकेबाना या पुष्परचनेच्या कलेत या पद्धतीला ‘मिझुगिरी’, म्हणजे पाण्यातील काप, असे नाव आहे.

वाट अडवणारे दुसरे कारण म्हणजे जिवाणू. पाण्यात बुडालेली पाने कुजतात, जिवाणू वाढतात आणि देठाची तोंडे बुळबुळीत थराने बंद होतात. म्हणून खालची पाने काढून टाकावीत आणि उन्हाळ्यात पाणी रोज बदलावे. एक लिटर पाण्यात चार चमचे साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस घातल्यास उपयोग होतो. साखर हे फुलाचे अन्न. आम्लामुळे जिवाणूंची वाढ मंदावते. नुसती साखर मात्र घालू नये, कारण ती जिवाणूंनाही तितकीच आवडते!

आंब्याच्या आढीचा शेजार

उन्हाळ्यात फुलांचा आणखी एक छुपा शत्रू घरात असतो. आंबे पिकू लागले की त्यांतून एथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. वनस्पतींवरील या वायूचा परिणाम रशियातील नेल्युबोव्ह यांनी १९०१ साली वाटाण्याच्या रोपांवर दाखवून दिला होता. पुढे १९३४ साली इंग्लंडमध्ये गेन यांनी पिकणारी फळे स्वतःच हा वायू तयार करतात हे सिद्ध केले. एथिलीनमुळे फळे पिकतात. पण अनेक फुले त्यामुळे लवकर म्हातारी होतात. बोगनवेलीची रंगीत छदे त्याच्या प्रभावाने गळून पडतात. तेव्हा आढीच्या खोलीत फुलदाणी ठेवू नका.

आपले उन्हाळी प्रदर्शन

वर्ध्याच्या उन्हाळ्यात फुले नसतात असे मात्र समजू नका. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान वही घेऊन गावातून एक फेरी मारा. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळून फुलतो. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळ्या झुंबरांनी लवून जातो. मूळचा मादागास्करचा गुलमोहर लाल होतो. एखाद्या आवारात लावलेले तामण, म्हणजे आपल्या राज्याचे फूल, जांभळे होते. यांतील बरीच झाडे कोरड्या दिवसांत पाने गाळून पाण्याचा खर्च कमी करतात आणि खोल गेलेली मुळे जमेची बाजू सांभाळतात. जो हिशेब आपण फुलदाणीसाठी मांडला, तोच झाडेही पाळतात.

बोगनवेलही जवळून पाहा. तिचे रंगीत भाग पाकळ्या नसून छदे, म्हणजे बदललेली पाने आहेत. खरे फूल मधल्या बारीक पांढुरक्या नळीएवढेच असते. पुष्परचनेसाठी फुले हवी असल्यास मालकाची परवानगी घ्या आणि ऊन चढण्यापूर्वी कापा. रात्रभरात देठ पाण्याने भरलेले असतात.

करून पाहा

सारख्या लांबीच्या, सारख्या उमललेल्या निशिगंधाच्या चार दांड्या आणि चार सारख्या बाटल्या घ्या. पाण्याची पातळी खुणेने दाखवा आणि वर गोडेतेलाचे चार थेंब सोडा, म्हणजे पृष्ठभागावरून पाणी उडणार नाही. पहिली दांडी जशी आणली तशी ठेवा. दुसरी पाण्याखाली कापून ठेवा. तिसरी पहिलीसारखीच, पण पंख्याच्या झोतात ठेवा. चौथी पहिलीसारखीच, पण साखर-लिंबाच्या पाण्यात ठेवा. रोज सकाळ-संध्याकाळ पातळी आणि ताज्या फुलांची संख्या वहीत लिहा. प्रत्येक बाटलीत पहिलीपेक्षा एकच गोष्ट वेगळी आहे, हे विसरू नका. त्याशिवाय कशाचा परिणाम किती, हे सांगता येणार नाही.

कोणती दांडी सर्वांत जास्त दिवस टिकली? कोणत्या बाटलीतील पाणी सर्वांत लवकर उतरले? दोन्ही उत्तरे एकाच बाटलीची येतात का? शाळा उघडल्यावर ती वही आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा आणि वर्गातील मित्रांच्या नोंदींशी ताडून पाहा.