जुन्या एमजीबीला ब्रेक सर्व्हो: बसवण्यापूर्वी हे वाचा

१९६२ पासून ॲबिंग्डनमध्ये बनलेल्या एमजीबीला पुढे डिस्क, मागे ड्रम. सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांना ब्रेकचा जोर वाढवणारा सर्व्हो नव्हता, त्यामुळे पेडल जड लागतं. डिस्क ब्रेकला ड्रमसारखी स्वतःची पकड वाढवता येत नाही. सगळा जोर पायाचा.

उपाय म्हणजे रिमोट सर्व्हो. तो मास्टर सिलिंडर आणि चाकांकडे जाणाऱ्या पाइपच्या मध्ये बसतो. इनटेक मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम डायफ्रामच्या एका बाजूला, वातावरणाचा दाब दुसऱ्या बाजूला. या फरकामुळे ब्रेक फ्लुइडचा दाब वाढतो.

बसवताना लक्षात ठेवा:

🔧 आधी कॅलिपर, व्हील सिलिंडर, होज तपासा. गळका ब्रेक सर्व्होने सुधारत नाही.
🔧 व्हॅक्यूम होजमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच.
🔧 सर्व्हो उत्पादकाने सांगितलेल्या कोनातच बसवा, नाहीतर आत हवा अडकते.
🔧 एक्झॉस्टच्या उष्णतेपासून लांब ठेवा.
🔧 एका सर्किटचा सर्व्हो ड्युअल सर्किट गाडीला तसाच जोडू नका.
🔧 ब्लीडिंग इंजिन बंद ठेवून करा.

चाचणी सोपी आहे. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं की सर्व्हो काम करतोय.

सर्व्होमुळे पायाचे श्रम कमी होतात, टायरची पकड वाढत नाही. पुढच्या गाडीपासून अंतर पूर्वीइतकंच ठेवा. आणि पाइप फ्लेअरिंगचा सराव नसेल, तर ते काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्या.