स्नायू झिजताहेत का? अशी होते चाचपणी

सार्कोपेनिया : वयोमानानुसार स्नायूंचे वस्तुमान आणि ताकद घटणे. वजनकाट्यावर हे दिसेलच असे नाही. कारण स्नायूंची जागा चरबी घेते.

सार्कोपेनियाविषयीच्या आशियाई कार्यगटाचे निकष (२०१९) :

• पोटरीचा घेर : पुरुष ३४, स्त्रिया ३३ सेंमीपेक्षा कमी. मोजायला शिवणकामाची टेप पुरते. मात्र पायांवर सूज असेल तर आकडा फसवा.

• 'सार्क-एफ' प्रश्नावली : ताकद, चालणे, खुर्चीतून उठणे, जिना चढणे, पडणे. दहापैकी ४ किंवा अधिक गुण म्हणजे पुढील तपासणी.

• हाताची पकड : पुरुष २८, स्त्रिया १८ किलोपेक्षा कमी.

• हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठबस : १२ सेकंद किंवा जास्त.

पक्के निदान डेक्सा स्कॅन किंवा विद्युतरोधावर आधारित शरीरमापनाने स्नायूंचे वस्तुमान मोजूनच होते.